दाराखालच्या फटीतून दिसलेली पावलं

मी रोज लोकांचं रक्त तपासते. रत्नागिरीत एका खासगी लॅबमध्ये चौदा वर्षं टेक्निशियन आहे. आमच्या कामात ‘मला वाटलं’ याला काही किंमत नाही. रिझल्टवर शंका आली तर सॅम्पल पुन्हा लावायचं, तरी तोच आला तर सही करायची. सांगायचा मुद्दा, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं माहेर राजापूरजवळ. तिथे वाडीतल्या बायका सांगायच्या, तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नको. मी मुद्दाम पहिल्याच हाकेला मोठ्याने ओ द्यायचे आणि आईचा धपाटा खायचे. या सदरातले अनुभव वाचते मी, पण टीव्हीवरची मालिका बघावी तसे. वाचले, सोडून दिले.

पण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या घरी जे झालं ते मी मनातल्या मनात किती वेळा ‘पुन्हा लावून’ बघितलं... दर वेळी तेच येतं. म्हणून लिहितेय. यात भीतीदायक असं फार काही नाही, हे आधीच सांगते.

आम्ही नाचणे रोडच्या आतल्या एका गल्लीत राहतो. दोन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, एकच जिना. आमचा फ्लॅट सर्वात वर, दुसऱ्या मजल्यावर. समोरचा फ्लॅट बंद, मालक परदेशात. पहिल्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट मुंबईवाल्यांचे, ते गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. तळमजल्यावर नलिनी काकू, आणि त्यांच्या शेजारी एका दुकानाचं गोडाऊन. म्हणजे वर्षातले दहा महिने त्या बिल्डिंगमध्ये नांदती घरं दोनच.

माझा नवरा सुहास जहाजावर फिटर आहे. मालवाहू जहाज. नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी, कधी तेही नाही. मुलगी ओवी. तेव्हा साडेसात वर्षांची होती.

ओवीची शाळा पाचला सुटायची. शाळेचे रिक्षावाले काका तिला सव्वापाचपर्यंत गेटशी सोडत. मी लॅबमधून पावणेसहाला पोचायचे. मधला अर्धा तास ती नलिनी काकूंकडे असायची — गूळ-पोहे, टीव्ही, काकूंच्या मांजराचं शेपूट ओढणं. सगळं सुरळीत चाललं होतं. डिसेंबरअखेरीला काकूंच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि काकू तीन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या.

अर्धा तास. ऐकायला किती क्षुल्लक! पण त्या अर्ध्या तासासाठी मी काय काय केलं ते माझं मला माहीत. पाळणाघर पाचला बंद व्हायचं. सासरे मुंबईला मोठ्या दिरांकडे, त्यांनाच कोणीतरी बघायला हवं. माझी आई भावाच्या मुलांत अडकलेली. लॅबमध्ये लवकर सोडतील का विचारलं, तर संध्याकाळचे रिपोर्ट कोण काढणार म्हणाले. शेवटी मी मैत्रिणींना विचारायला लागले, ‘मूल किती वर्षांचं झालं की थोडा वेळ घरी एकटं ठेवता येतं गं?’ एक म्हणाली दहा. एक म्हणाली, आम्ही तर पाचव्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायचो. तिसरीने फक्त माझ्याकडे बघितलं. ते सगळ्यात जास्त लागलं.

मग मी ओवीलाच विचारलं. ती म्हणाली, “त्यात काय! मी फ्रिज उघडू शकते.”

आम्ही सराव केला. पहिल्या दिवशी मी फक्त दूध आणायला खाली गेले, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दहा. मग एका रविवारी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात पंचवीस मिनिटं उभी राहिले आणि आमच्या खिडकीकडे बघत बसले. ती खिडकीत आली, चिवडा खाल्ला, गेली. मला वाटलं तिला मी दिसले नाही. घरी आल्यावर म्हणाली, “तू दुकानात एवढा वेळ काय घेत होतीस? पिशवी तर रिकामी आहे.”

नियम पाठ करून घेतले. गॅसकडे जायचं नाही, सिलिंडर मी खालूनच बंद करून जायचे. पाणी भरलेलं. जुना मोबाईल टेबलावर, त्यात माझा नंबर पहिला. तिची किल्ली दप्तराच्या आतल्या कप्प्यात, लाल दोऱ्याला. आत आली की दार लोटायचं, लॅच आपोआप लागतं. ते लॅच जरा उंचावर बसवलेलं आणि आतलं बटण घट्ट, म्हणजे स्टूलावर चढल्याशिवाय तिला आतून उघडता यायचं नाही. मला ते बरंच वाटायचं. आणि सर्वात मोठा नियम, दार उघडायचं नाही.

“कोणालाच नाही?”

“कोणालाच नाही. देव आला तरी नाही. मी माझ्या किल्लीने येणार.”

“आणि बाबा आला तर?”

“बाबा जहाजावर आहे ना.”

“पण आला तर?”

“त्याच्याकडे त्याची किल्ली आहे. तो त्याचा तो उघडेल.”

हे तिला पटलं.

सुहासला मात्र नाही पटलं. जहाजावरचं नेट म्हणजे आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही तुटक. तिला एकटं ठेवायच्या आधीच्या शुक्रवारी व्हिडीओ लागला नाही, नुसता आवाज. मी त्याला सांगितलं आणि तो भडकलाच. “सात वर्षांची पोर! अख्ख्या बिल्डिंगमध्ये माणूस नाही. तुला काही वाटतं की नाही?”

“साडेसात,” मी म्हटलं. “आणि अर्धाच तास.”

“नोकरी सोड तीन महिने.”

“मग परत कोण घेणार मला? तू?”

“मी असतो तर —”

“तू नसतोसच ना सुहास!” मी म्हटलं. “तू नसतोसच. ती चालायला लागली तेव्हा नव्हतास, तिला डेंग्यू झाला तेव्हा नव्हतास. मग इथे काय करायचं ते मला ठरवू दे.”

पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं तो गप्प झाला. मग बघितलं, तर कॉल केव्हाच कटला होता. माझं किती ऐकलं आणि किती नाही, कळायला मार्ग नाही. पुन्हा लावला, लागला नाही. मेसेज टाकला — ‘सॉरी. बोलू नंतर.’ एकच टिक.

सुहास पैसे कमवायला गेलाय, मजा करायला नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. खरं तर मला त्याची इतकी आठवण येत होती की ते सांगायची लाज वाटायची, म्हणून राग यायचा. त्याचा शर्ट मी धुतला नव्हता सहा महिने. असो.

सोमवारपासून ओवी एकटी राहू लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार — काही अडचण नाही. मी दार उघडून आत यायचे तेव्हा ती पालथी पडून चित्र काढत असायची आणि वर न बघता म्हणायची, “आलीस?”

गुरुवारी आमचा सॅम्पल घ्यायला जाणारा माणूस आजारी पडला. पावसला एका आजोबांचं रक्त घ्यायचं होतं, अंथरुणाला खिळलेले. मीच स्कूटर काढली. साडेचारला तिथून निघाले. तसं पावस ते रत्नागिरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम. लॅबमध्ये सॅम्पल टाकून मी रोजच्या वेळेला घरी असते.

भाट्याच्या पुलापाशी आले तर रांग. पुलावर गॅसचा टँकर कठड्याला लागून कलला होता. गळती असेल-नसेल, पण पोलिसांनी दोन्ही बाजूंनी पूल बंद केला. गाडी नाही, माणूस नाही, कोणालाच सोडत नव्हते. मी हवालदाराला म्हटलं, मला चालत जाऊ द्या, मुलगी घरी एकटी आहे. तो म्हणाला, “ताई, पेटला तर तुमच्या मुलीला कोण?”

पहिला पाऊण तास वाटलं, आता सोडतील. सव्वापाचला घरच्या मोबाईलवर फोन केला. ओवी आली होती. म्हटलं, मला थोडा उशीर होईल. “ओके,” म्हणाली. सहाला पुन्हा केला, तर स्विच ऑफ. आदल्या रात्री मी तो चार्जिंगला लावायचा विसरले होते. रिक्षावाल्या काकांना लावला, उचलला नाही. लॅबमधली सुषमा गणपतीपुळ्याच्या बाजूला राहते, ती घरी पोचली होती. म्हणाली, मी निघते परत, पण तास लागेल गं. म्हटलं, निघ.

समोर खाडी, पलीकडे गाव दिसतंय. दिवे लागायला लागले. ते कधी नव्हे इतके जवळ दिसत होते. आणि साडेसहाच्या सुमाराला आमच्या भागातले दिवे एकदम गेले. शहराचा तेवढाच तुकडा काळा पडला. माझ्या शेजारी एक मासेवाली बाई रिकामी टोपली घेऊन बसली होती, तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मी रडत होते हे तेव्हा कळलं मला.

पावणेसातला टँकर सरळ केला, आधी दुचाक्या सोडल्या. सात वाजून पाच मिनिटांनी मी आमच्या गेटमध्ये होते. सुषमाला वाटेतच फोन करून थांबवलं. दिवे अजून आले नव्हते. मी मोबाईलच्या उजेडात जिना चढले, खरं तर धावले. पहिल्या मजल्याच्या वळणावर दम लागला म्हणून क्षणभर कठडा धरला, आणि पुन्हा वर. जिन्यात कोणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. वर जायचा-यायचा तोच एक रस्ता, गच्चीच्या दाराला कुलूप. कोणी नव्हतं.

दार उघडलं. ओवी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. अंगाभोवती माझी शाल. बाजूला स्टूल. मी तिला उचलून घट्ट धरलं. ती रडत नव्हती. उलट माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघत होती.

“बाबा खाली भेटला?” तिने विचारलं.

“कोण?”

“बाबा. आत्ताच गेला. तू येतेस ते ऐकलं आणि म्हणाला, ‘आई आली गो बायो.’ मग गेला.”

‘बायो’ म्हणून तिला एकटा सुहासच हाक मारतो.

मी घाबरले ती भुताला नाही. माणसाला. कोणीतरी पुरुष, माझ्या मुलीला एकटी बघून, बाप असल्याचं सांगून दाराबाहेर बसला होता... मी दार लावलं, आतून टेबल लोटलं, मेणबत्ती लावली आणि तिला मांडीवर घेऊन विचारत गेले. घाबरवायचं नाही म्हणून सहज विचारल्यासारखं.

तिने जे सांगितलं ते असं. सहा वाजून गेले तरी मी आले नाही. फोन लागेना. ती दाराशी येऊन बसली, जिन्यात पावलं वाजतात का ऐकायला. मग बाहेरून कोणीतरी पायरीवर बसल्यासारखा आवाज झाला आणि बाबा म्हणाला, “बायो, दार उघड गो.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, नियम आहे. तुझ्याकडे किल्ली आहे ना? तर म्हणाला, किल्ली कपड्यांत राहिली.”

“आणि?”

“मग मी खाली झोपून फटीतून बघितलं. खरंच बाबा आहे का ते.”

आमच्या दाराखाली दोन बोटांची फट आहे. पावसात पाणी येतं म्हणून मी तिथे फडकं लावते, जानेवारीत ते नव्हतं. तोवर जिन्यातला दिवा होता. तिला पावलं दिसली. तिला तिच्या बापाची पावलं पाठ आहेत, कारण लहानपणी त्याच्या पावलांवर पावलं ठेवून ती घरभर चालायची. त्याची करंगळी आत वळलेली आहे, अगदी लहानपणापासून.

“करंगळी वाकडी होती?”

“हो. पण चपला नव्हत्या. आणि एका अंगठ्याला ही एवढी मोठी पांढरी पट्टी होती. मी म्हटलं, बाऊ झाला? म्हणाला, जरासा.”

मग म्हणे ते बोलत बसले. तो बाहेर, ती आत. शाळेत काय झालं, मांजराला पिल्लं होणार आहेत का, पाढे कितीपर्यंत आले. त्याने तिला तेराचा पाढा म्हणायला लावला आणि ती तेरा सत्तेला अडकली तेव्हा तो हसला. मध्ये दोनदा म्हणाला, “उघड ना गो, मला आत यायचंय.” तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, पण नाही म्हटलं.

“आणि मग लाईट गेली,” ओवी म्हणाली. “मग मला भीती वाटली. मग मी म्हटलं, बाबा थांब, मी उघडते. मी स्टूल आणलं. वर चढले. तर बाबाच म्हणाला, नको.”

“नको?”

“म्हणाला, ‘नको उघडू. आईने सांगितलंय ना? उतर खाली. तू तिकडून टेकून बस, मी इकडून टेकून बसतो.’ मग आम्ही तसेच बसलो.”

मी तिला तसंच कुशीत घेऊन झोपवलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कोपऱ्यावरच्या वाण्याचा कॅमेरा आमच्या गेटवर रोखलेला आहे. त्याला घडलेलं सांगितलं, तो बिचारा दुकान नोकरावर सोडून बसला माझ्याबरोबर. त्याच्या दुकानाला इन्व्हर्टर, त्यामुळे लाईट गेल्यावरचंही होतं. सव्वापाचला रिक्षा, ओवी आत गेली. नंतर सात वाजून पाचला माझी स्कूटर. मधल्या वेळात गेटमधून कोणी आत गेलं नाही, माझ्यानंतर कोणी बाहेर आलं नाही. आम्ही आदल्या दिवशीच्या दुपारपासूनचं बघितलं. “वहिनी, मांजर सोडून कोणी नाही,” तो म्हणाला. मागच्या बाजूला साडेसात-आठ फुटांचा दगडी गडगा आणि पलीकडे झाडी. तिथून कोणी आलं असेल? येऊ शकेल. चप्पल न घालता, अंगठ्याला पट्टी बांधून, वाकडी करंगळी घेऊन?

मुलं कल्पना करतात. घाबरलेलं मूल स्वतःला धीर द्यायला बाप तयार करतं. हे मी स्वतःला सांगितलं आणि खरं सांगते, ते मला पटलंही. मन असं करतं, यात नवल नाही.

चौथ्या दिवशी, सोमवारी दुपारी, सुहासचा फोन आला. मी त्याला यातलं काही सांगणार नव्हते. तो टँकर, तो अंधार — सांगितलं असतं तर ‘मी म्हटलं नव्हतं?’ हेच ऐकावं लागलं असतं. म्हणून मी हसून ‘हॅलो’ म्हटलं.

त्याने पहिलं विचारलं, “ओवी ठीक आहे ना?”

“आहे की. का?”

“काही नाही...” मग जरा थांबून, “पायाला लागलं होतं. पाईप पडला अंगठ्यावर. म्हणून फोन नाही केला, तू घाबरशील म्हणून. आता बरा आहे.”

मी लॅबच्या मागच्या जिन्यात उभी होते. तिथेच खाली बसले. “कुठल्या पायाचा?”

“डाव्या. नख गेलं. ताप भरला होता त्या दिवशी, कॅप्टनने इंजेक्शन दिलं आणि झोपवलं. तुला हसू येईल, पण... मी घरी आलो होतो.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“स्वप्नच असणार. पण स्वप्नासारखं नव्हतं गं. आपल्या जिन्यावर बसलो होतो. दार बंद. आतून ओवी बोलत होती. मी म्हणतोय उघड, तर उघडेना. नियम आहे म्हणाली! तेरा सत्ते विसरली. मला आत यायचं होतं, इतकं आत यायचं होतं की छातीत दुखायला लागलं. आणि मग तिने स्टूल ओढलं. मला आवाज आला, फरशीवर घासल्याचा. ती चढली. आणि मला वाटलं... आज माझ्यासाठी उघडलं तर उद्या ‘बाबा आलाय’ म्हणणाऱ्या कोणासाठीही उघडेल. म्हणून मीच नको म्हटलं.”

त्याचा आवाज फुटत होता, नेटमुळे की कशामुळे कोण जाणे.

“कितीला?” मी विचारलं. एवढंच सुचलं.

आम्ही वेळ जुळवून पाहिली. तेव्हा तो अटलांटिकमध्ये होता, घड्याळात खूप फरक. त्याला इंजेक्शन दिल्याची नोंद होती, त्यावरून हिशेब केला. त्याला झोप लागली ती आमच्याकडे सहाच्या सुमाराला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. या वेळी कॉल कटला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी परत जाऊन काम केलं. लॅबमध्ये कोणाला सांगितलं नाही. त्या आठवड्यापासून शाळेजवळच्या एका बाईंकडे ओवी बसू लागली, काकू परत येईपर्यंत. पाळणाघर नव्हतं, पण त्या तयार झाल्या. सगळं झाल्यावर माणूस सापडतं, आधी नाही.

सुहास मार्चअखेरीला आला. आम्ही दोघी स्टेशनवर गेलो होतो. ओवी नेहमी धावत जाऊन लटकते. या वेळी ती थांबली, त्याच्या सँडलकडे बघितलं. डाव्या अंगठ्याला नवं नख अर्धवट आलं होतं. तिने विचारलं, “तुला राग आला होता?”

“कशाचा गो?”

“मी दार नाही उघडलं.”

सुहास तिथे प्लॅटफॉर्मवर, हमालांच्या वाटेत, खाली बसला. म्हणाला, “नाही गो बायो. तू नाही उघडलंस म्हणून मला किती बरं वाटलं तुला सांगता येणार नाही.” आणि रडला. माझ्यासमोर तो कधी रडला नव्हता.

मला मात्र एक गोष्ट विचारायची होती, ती आठ-दहा दिवस जमली नाही. मग एका रविवारी सकाळी तो ओट्याशी बांगडे साफ करत होता, मी वाटण काढत होते. मी विचारलं, “तू जिन्यावर होतास तर मला का नाही दिसलास?”

तो कल्ले काढत राहिला. “तुझी पावलं ऐकली,” म्हणाला. “मधल्या वळणावर थांबलीस, दम खायला. मला कळलं, तू आलीस. वाटलं, आता झालं. आता तू आहेस.”

“म्हणून गेलास?”

“मी गेलो नाही गं. जाग आली.”

“दोन मिनिटं थांबला असतास तर...” मी म्हटलं. सहा-सात महिने मी त्याचा चेहरा फोनच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत तुटलेला बघत होते. आणि तो माझ्यापासून एका जिन्यावर होता. पोरीशी बोलला, तिला पाढे म्हणायला लावले, आणि मी यायच्या वेळेला नेमका... मला ओवीचा हेवा वाटला, माझ्याच मुलीचा. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण इथे नाव छापत नाहीत म्हणून लिहितेय.

त्याने हात धुतले नव्हते. तसाच माशाच्या हाताने माझ्या डोक्याला डोकं लावून उभा राहिला.  

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आमच्या लॅबमधल्या डॉक्टरांना मी ‘एका मैत्रिणीची गोष्ट’ म्हणून सांगून बघितलं. ते म्हणाले, तापात मेंदू काहीही दाखवतो. बरोबर आहे. मग ओवीला कुठे ताप होता? नलिनी काकू म्हणाल्या, जीव अडकला की देह राहतो तिथे आणि माणूस येतं. तेही मला पटत नाही. तसं असतं तर मुंबईला, दुबईला, बोटींवर माणसं गेलेल्या आमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या जिन्यांवर रोज कोणी ना कोणी बसलेलं असतं.

कदाचित असेलही. आम्हीच दार उघडून बघत नसू.

सुहास आता पुन्हा जहाजावर आहे, पाच महिने झाले. ओवी दहाच्या घरात आली. तासभर सहज एकटी राहते, मीच फोन केला तर वैतागते. कोणी मला विचारलं की मूल केव्हा एकटं ठेवावं, तर मी म्हणते, वय विचारू नका, तुमच्या मुलाचं दार किती घट्ट आहे ते बघा. लोकांना वाटतं मी कुलपाबद्दल बोलतेय.

परवा संध्याकाळी कामावरून येत होते. नलिनी काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला जिन्याच्या तळाशी चपला काढून हातात घेताना बघितलं.

“काय गो, चोरासारखी कसली जातेस रोज?” म्हणाल्या. “पायाचा आवाजसुद्धा येत नाही.”

“टाचा दुखतात हो काकू,” मी म्हटलं, आणि हळूहळू, एकेक पायरी, वर गेले.